गर्दी आढळली, शिक्षण आढळले नाही

"बाई, भूकंपानं आमचं गाव एकदाच हलवलं. तुम्ही टपरी कितींदा हलवायलाव?"

महादूमामा आपल्या चहा-बिडी-सिगारेटच्या टपरीच्या फळीवर हात ठेवून मला विचारत होते. मी तेव्हा लातूरच्या क्लासेसच्या भागात महापालिकेची स्वच्छता निरीक्षक होते. माझ्या हातात टेपचं एक टोक, दुसरं आमच्या मुकादमाने एका केमिस्ट्री क्लासच्या गेटला धरलेलं.

नियम साधा होता. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे नव्वदेक मीटरच्या आत, बिडी-सिगारेट विकायची नाही. आमच्या साहेबांनी त्यात पदरची भर घातली. ओढायचीही नाही, आणि खासगी क्लास हीसुद्धा शिक्षणसंस्थाच. कागदावर झकास. पण त्या भागात खाली झेरॉक्स, वर फिजिक्स, त्याच्यावर बायोलॉजी आणि गच्चीवर मेस. टेप पुरती उलगडायच्या आत पुढच्या क्लासचं गेट लागायचं, आणि मामांची टपरी पुन्हा पुढं सरकायची.

"साहेब, अख्ख्या भागात जागाच उरत नाही," मी म्हटलं.

"मग चांगलंच आहे की!"

खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. माझे वडील बिडीपायी गेले. धुराचा मला संताप येतो, आजही येतो. पण मामांचं काय करायचं? निलंग्याकडचं त्यांचं गाव भूकंपात पडलं, नव्या जागी वसलं, आणि ते मात्र इथं येऊन टपरी टाकून बसले. घर चालायचं ते तिच्यावरच. ती उचलून ट्रकमध्ये टाकायला माझं मन धजेना.

मग मीच टेप घेऊन वणवण फिरले आणि एक कोपरा सापडला. बंद पडलेल्या डाळमिलच्या मागची भिंत. चारी बाजूंनी मोजलं, एकही क्लास आड येत नव्हता. मामांची टपरी हातगाड्यावर घालून तिथं नेली.

त्यानंतर सगळा भाग त्या भिंतीपाशी लोटला. पोरांना भेटायला एसटीने आलेले बाप, रिक्षावाले, मेसचे आचारी, समोरासमोरच्या क्लासचे एकमेकांचं तोंड न बघणारे मालकसुद्धा. काडीपेटी मागता मागता त्यांचं बोलणं सुरू झालं. आणि यायचे फिजिक्सचे सर. त्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे नुसतं फिजिक्स सर म्हणत.

क्लासमध्ये मुलांची एवढी गर्दी, की डाउट विचारायची सोय नाही. डाउट म्हणजे न समजलेलं गणित. बॅच सुटली की सर दुसऱ्या बॅचला पळणार. ते एका जागी उभे राहतात ते फक्त सिगारेट संपेपर्यंत, हे मुलांनी हेरलं. आधी दोघी मुली वह्या घेऊन आल्या. मग रांग लागली. मग कुणीतरी बाकडं आणलं, आणि एक दिवस डाळमिलच्या भिंतीला चक्क फळा लटकला.

साहेबांनी तो जीपमधून पाहिला.

"मॅडम, हा तर क्लासच झाला! शंभर यार्डांत टपरी कशी?"

"टपरी आधी होती, साहेब. क्लास नंतर आला."

"ते काही नाही. शिक्षणाला धक्का लागता कामा नये. टपरी हलवा."

हलवली. कुठं? मामांच्या दारात, ताडपत्रीखाली. मामांनी स्वतःच ताडपत्रीची दोरी आवळली, त्याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी फळा होता, बाकडं होतं, मुलं होती. सर नव्हते. सिगारेट मिळत नाही तिथं ते कशाला उभे राहतील? ते स्कूटर काढून पार रिंगरोडला गेले. मुलं सायकलींवर त्यांच्या मागे. आठवडाभर हेच चाललं, आणि मग आमच्या ऑफिसात पालकांचा घोळकाच शिरला.

"मॅडम," पांढऱ्या टोपीतले एक आजोबा हात जोडून म्हणाले, "सरला तिथंच सिगारेट मिळू द्या. आमच्या नातीचं फिजिक्स लई कच्चं हाय."

सिगारेट सुरू करा म्हणून मागणी घेऊन आलेले लोक मी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होते. हसावं की डोकं आपटावं कळेना. साहेबांनी घाम पुसला. त्यांचा मुलगाही सायकलवर रिंगरोडला जायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"मॅडम, तो फळा काढला तर?" साहेब हळूच म्हणाले. "मुलं नुसती उभी आहेत. उभं राहणं म्हणजे काही शिक्षणसंस्था नव्हे."

फळा निघाला. टपरी परत आली. पाहणीच्या अहवालात मी लिहिलं, 'सदर ठिकाणी गर्दी आढळली, शिक्षण आढळले नाही.' साहेबांनी मान वर न करता सही केली.

पण वडील आठवत होते. मी सरांना गाठलं. "सर, जागा नियमात बसते. पण पोरांच्या तोंडावर धूर सोडायचा नाही. पोरं गेली की मगच पेटवायची. नाहीतर टपरी पुन्हा ताडपत्रीखाली जाईल."

"कबूल," सर म्हणाले. पाचदहा मिनिटांचा तर प्रश्न, असं त्यांना वाटलं असावं.

काही दिवसांनी संध्याकाळी तिकडून गेले. फळा नव्हता, म्हणून सर भिंतीवरच खडूने गणित सोडवत होते. एका हातात खडू, दुसऱ्या हातात न पेटवलेली सिगारेट. एकाचा डाउट संपला की दुसऱ्याचा सुरू. पोरं काही जाईनात. पुढच्या बॅचची वेळ झाली तसे सर सिगारेट खिशात परत घालून पळाले.

मामा माझ्याकडे बघून कुरकुरले, "बाई, सर आता नुसता चहाच पितेत. पोरं बी चहा मागायलेत. म्या सिगारेटी कुणाला इकू?"

"चहा विका," मी म्हटलं.

"तेच करायलोय की!" मामांनी स्टोला पंप मारला आणि माझ्याही हातात कप दिला.

एवढ्या नोकरीत, एवढी टेप ओढून, एकाच माणसाची सिगारेट सुटलेली मी पाहिली. तीही कायद्यानं नाही. अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स कळत नव्हतं म्हणून.