मोळीवाल्या बायांचा बोळ

केडगावात आमच्या घरांच्या मागे एक बोळ आहे. पुणे रोडवर निघायला तीच जवळची वाट. पण बायका सहसा तिकडून जात नसत. एका अंगाला कारभारी अण्णांच्या बंद गोदामाची लांबच लांब भिंत, तिच्या कडेने कचऱ्याचे ढीग आणि पुरुषांनी केलेली मुतारी.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या छबूबाई त्या घाणीत घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्यांना दवाखान्यात नेलं आमच्याच आळीतल्या विजयमालानं. ती मूळची पाथर्डीकडची. आई-बाप ऊसतोडीला जायचे, म्हणून तिची शाळा चौथीतच सुटली. मजुरांच्या तळावर चुलीतल्या कोळशानं ती कारखान्याच्या कुंपणावर चित्रं काढायची आणि शिव्या खायची. आता ती नागापूरला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते.

पुढच्या रविवारी फावडं घेऊन ती एकटीच बोळात उतरली. नवरा आदिनाथ चिडला, "महापालिकेची कामं तू करणार व्हय?"

"त्यांची वाट बघत अजून किती जणी पाडायच्या?" ती म्हणाली. दुपारपर्यंत आम्ही चौघी-पाचजणी तिच्या मदतीला गेलो. आदिनाथही आला, तोंड पाडून का होईना.

साफ झालेला बोळ पुन्हा घाण होऊ नये म्हणून तिनं चुना, गेरू आणि नीळ आणली. बघता बघता भिंतीवर बाया चालू लागल्या. डोक्यावर उसाच्या मोळ्या, मान ताठ, एकीच्या पाठीला बांधलेलं तान्हं पोर. त्या बायांसमोर उभं राहून लघवी करायची पुरुषांना लाज वाटू लागली.

महिन्याभरानं कारभारी अण्णा आले. "कुणाला इचारून रंगवली माझी भिंत?"

आम्ही भांडायला पुढे सरसावलो. विजयमालानं आम्हाला थांबवलं. "अण्णा, चुकलं माझं. इचारायला पायजे हुतं. पुसून देते."

आणि तिनं खरंच पुसली. कामावरून आली की चुन्याचा हात द्यायची. त्या बाया एकेक करून पांढऱ्यात बुडताना मला रडू आलं. तिचा हात मात्र थांबला नाही. मी म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही का गं?"

"लई वाटतं," ती म्हणाली. "पर भिंत त्यांची हाय."

पांढऱ्या भिंतीपुढेही ती रोज सकाळी झाडत राहिली. अण्णा गोदामाकडे येता-जाता ते बघत होते. दिवाळीच्या आधी एकदा ते तिच्याजवळ थांबले. मग म्हणाले, "मोकळी भिंत बघवत न्हाई आता. काढ त्या बाया परत."

"तशाच?"

"तशाच. माझी आई बी मोळ्या वाहायची."

या वेळी अण्णांनी रंग आणला, दिवा लावून दिला, गोदामातली दोन जुनी बाकडीही बाहेर टाकली. आता संध्याकाळी तिथे छबूबाई काठी टेकून बसतात, पोरं अभ्यास करतात, बचत गटाची बैठकही तिथेच भरते.

विजयमाला मात्र रविवारी सापडत नाही. नागापूरला कामगारांच्या खोल्यांमागे असाच एक बोळ आहे, तिथे ती जाते. मागच्या रविवारी दिवसभर नुसता कचराच उपसला म्हणाली. रंगाचं अजून नाव नाही.