सरांची सात शेवळं

सर आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही भर सभेत आणि माझ्या आईच्या साक्षीने. दोष आमच्या घराकडे जातो, हे आधीच कबूल करून टाकते.

ऐंशी साल उजाडायचं होतं तेव्हाची गोष्ट. मी माणिकपूरच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. शाळेमागे गावातल्या एका मंडळाची जागा होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी ती मागून घेतली आणि तिथे आपल्याच डोंगरातली झाडं लावली. कुडा, करवंद, पळस, रानहळद. औषधालाही गुलाब नाही. फाटकावर पाटी होती ‘वनस्पती उद्यान’, आणि लोक म्हणायचे, म्हाताऱ्याने पेन्शन घालून रान वाढवलंय.

दर बुधवारी साडेबाराला भोकराच्या झाडाखाली सरांचं व्याख्यान असे. सगळ्यांना खुलं, डबा आणायला मुभा. आम्ही शिक्षक, बँकेतले कारकून, दोनचार दुकानदार यायचो. विद्येची ओढ वगैरे काही नव्हती हो, सावली चांगली होती. सर एकेक रोप दाखवून जीव तोडून सांगायचे की याचं बी कसं पडतं, कोणता पक्षी ते नेतो, डोंगर फोडल्यावर ते कुठे जाणार. मग विचारायचे, “काही शंका?” आणि तोंडात घास असलेला कोणीतरी हमखास विचारायचा, “सर, खातात का?”

एकदा सर इतके वैतागले की त्यांनी भोकराला पुठ्ठा टांगला: ‘खातात का, हा प्रश्न विचारू नये.’ पुढच्या बुधवारी भोकराचं लोणचं चाटत एकाने विचारलं, “सर, पितात का?”

त्या वर्षी मात्र थट्टा अंगाशी आली. मंडळाच्या अध्यक्षांना त्या जागेवर लग्नाचा हॉल बांधायचा होता. गावात इमारती उठायला लागल्या होत्या, लग्नांना जागा पुरत नव्हती. जूनमधल्या एका बुधवारी अध्यक्ष स्वतः व्याख्यानाला येणार, बाग बघणार आणि तिथल्या तिथे काय तो निकाल देणार, असं ठरलं. सरांची झोप उडाली. त्यांची सगळी भिस्त सात शेवळांवर होती. शेवळाचा कंद जमिनीत दडलेला असतो, आणि जूनमध्ये त्यातून भाल्यासारखा एक बंद कोंब वर येतो. सरांनी हे कंद तुंगारेश्वराच्या पायथ्याहून आणून तीन वर्षं जपले होते. “बुधवारी उमलतील,” मला म्हणाले. “एकदा ते फूल बघितलं की कोण हॉलचं नाव काढेल?” मला फार वाईट वाटलं.

आता आईचं सांगते. आम्ही वटारचे, केळी आणि भाजीपाल्याची वाडी. आई मंगळवारी माणिकपूरला भाजी विकायला बसायची आणि दुपारी सरांच्या बागेत सावलीला टेकायची. त्या बुधवारी सकाळी तिने मला भाकरीबरोबर शेवळाची भाजी वाढली. काकडं, म्हणजे रानातली ती आंबट फळं, घालून शिजवलेली, नाहीतर शेवळं घसा खाजवून जीव नकोसा करतात. मी दोनदा मागून घेतली. बोटं चाटत विचारलं, “बाजारात तर अजून आली नाहीत. कुठे मिळाली गं?”

“तुमच्या सरांच्या बागेत. आज उद्या उमलली असती की फुकट गेली असती सगळी. उमललेलं कोण खातं?”

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. “आई, ती उमलायलाच ठेवली होती!”

“उमलायला?” आई माझ्याकडे बघतच राहिली. “शिकलेला माणूस ना तो?”

तिने सरांसाठी डबासुद्धा भरला होता, आणि स्वतः द्यायला निघाली. वाटेत मी हातापाया पडले की तोंड उघडू नकोस. आई कधी कोणाचं ऐकते!

बागेत पोचलो तर सर वाफ्यापाशी उभे. सहा ठिकाणी कापलेले देठ. चेहरा पांढराफटक. एकच वाक्य बोलले, “गुरांनी खाल्लं असेल.” मी मान खाली घातली आणि माझी नजर वाफ्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक टोपली उपडी पडली होती. आमचीच! काठाला आईने लाल चिंधी बांधलेली. बोंबला, म्हटलं, मुद्देमालासकट पकडले जाणार.

तेवढ्यात अध्यक्ष आले, खुर्चीवर बसले, बाकीच्यांनी डबे उघडले. सर बोलायला उभे राहिले आणि कापलेल्या देठांकडेच बघत राहिले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. “मास्तर, दाखवण्यासारखं काही आहे का इथे?” आणि सगळ्यांचं लक्ष सरांकडे आहे असं बघून मी हळूच टोपली उचलली.

अगं आई गं! काय तो वास! मेलेली घूस आठवडाभर दडवून ठेवावी तसा. टोपलीखाली सातवं शेवळ पूर्ण उमललं होतं. डब्यांची झाकणं पटापट लागली. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. “हे काय आहे?”

“शेवळ,” सर म्हणाले. डोळ्यांत पाणी तरारलं होतं आणि ते वासाचं नव्हतं. “या वासाने माश्या येतात, मग बी धरतं.”

“हा वास किती दिवस राहतो?”

शेवळाचा वास दिवस दोन दिवसांत जातो. सरांना ते माहीत होतं, मलाही. सरांनी वाफ्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, आणि शांतपणे म्हणाले, “बारा महिने. कंद फार खोल जातात. खणून काढले तरी एखादा राहतोच.”

“बारा महिने?” अध्यक्ष आईकडे वळले. शेतकरी बाई, तिला ठाऊक असणार.

आईने पदर नाकाला लावला. “भर पंगतीत येतो हो,” ती म्हणाली.

अध्यक्ष उठले. हॉलसाठी दुसरी जागा बघू, असं फाटकातूनच म्हणाले.

मग आईने डबा सरांपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. धरणी दुभंगली तर बरं, असं मला वाटत होतं. सरांनी झाकण उघडून भाजी बघितली. मग विचारलं, “सहाच का कापलीत? सातवं झाकून का ठेवलंत?”

“गुरांनी खाऊ नये म्हणून. एक नेहमी जागेला ठेवायचं. सगळीच कापली तर पुढच्या वर्षी काय तुमचं भाषण खायचं?”

सरांनी उठून भोकरावरचा पुठ्ठा काढला, त्याची घडी करून खिशात घातली, आणि आईकडे भाकरी मागितली.