हजेरीचं पाणी

चंद्रप्रभा गजभिये यांचा सरकारवर विश्वास होता, कारण त्यांनी जन्मभर सरकारातच नोकरी केली होती. सरकार चालवणाऱ्यांवर मात्र अजिबात नव्हता, आणि त्याचंही कारण तेच होतं.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती सवय होती, आणि ती लागली सरोजिनी नगरात. भंडाऱ्याहून नोकरीसाठी दिल्लीत आलेल्या या बाईंना तिथे सरकारी क्वार्टर मिळालं, आणि क्वार्टरच्या मागेच बाजार. परदेशी पाठवायचे पण कुठेतरी बिघडलेले कपडे तिथे ढिगाने विकायला असत. बाई प्रत्येक कपडा उलटा करून त्याची शिवण बघत. एकदा एक विक्रेता वैतागून म्हणाला होता, "मॅडम, पहनना है कि ऑपरेशन करना है?" बाईंनी काखेतली उसवलेली शिवण त्याच्यासमोर धरली आणि मगच तो कुडता घेतला. खोट असली म्हणून त्या कपडा टाकत नसत. एवढा स्वस्त आहे म्हणजे खोट असणारच, ती कुठे आहे तेवढं मला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढाऱ्यांबद्दलही त्यांचं हेच मत होतं.

त्यांचे यजमान अंबादास अगदी उलटे. पोस्टात नोकरी झाली, तरी स्वभाव इतका भोळा, की रस्त्यावर कोणीही पत्ता विचारला तर त्याला दारापर्यंत पोचवून येत. दोघं निवृत्त झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि मग द्वारकेत सहकारी सोसायटीतला फ्लॅट ताब्यात घेतला. चकचकीत फरशी, लिफ्ट, दारात गुलमोहर. बाईंनी भिंती वाजवून पाहिल्या, दारांच्या बिजागऱ्या पाहिल्या. नळ मात्र त्यांनी नुसता सोडून पाहिला. चव घेतली नाही, आणि खोट नेमकी तिथेच निघाली.

पाणी बोअरवेलचं होतं, मचूळ आणि खारट. त्यात डाळ शिजत नसे, केसांचा झाडू होई, आणि गिझर वर्षभरात मान टाकत असे. पिण्यासाठी कॅन विकत आणायचे. बाकीच्यांसाठी ही कटकट होती. अंबादासांसाठी ते दुखणं होतं, कारण त्यांना मूतखड्याचा जुना त्रास. एक ऑपरेशन झालेलं, आणि दुसरं टाळायचं असेल तर या पाण्याचा थेंबही पोटात जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. कॅनवाला आला नाही की हा भला माणूस घोट मोजत बसे. ते बघताना बाईंचा जीव तुटायचा, आणि तो जीव तुटणं रागाच्या रूपाने बाहेर पडायचं.

दोन हजार तीनच्या विधानसभा निवडणुकीत तो राग कामाला आला. रोज कोणीतरी उमेदवार हात जोडून गेटवर हजर. सोसायटीच्या सभेत बाई उभ्या राहिल्या. "मत घेऊन गेलेला माणूस पाच वर्षांनी तोंड दाखवतो. आपल्या नोकरीत असं कोणाला चाललं असतं? ज्याला गेटच्या आत यायचंय, त्याने आधी कबूल करायचं, की निवडून आलो तर वर्षातून दोनदा इथे येऊन हजेरी देईन. हार नाही, चहा नाही. पाहुण्याला आपण आधी पाणी देतो, तेवढं द्यायचं. पण नळाचं."

लोक हसले, पण पाण्याचं नाव निघाल्यावर हात वर झाले. सोसायटीचे सेक्रेटरी खंडेराव जगदाळे, फौजेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले साताऱ्याचे गृहस्थ, त्यांनी तर ठराव परेडवर ओरडावा तसा वाचून दाखवला. "वहिनी, तुम्ही फौजेत यायला हवं होतं," असंही म्हणाले.

जे निवडून आले ते आमदार, दिल्लीच्या भाषेत विधायकजी, खरंच पहिल्या हजेरीला आले. अंगणात खुर्ची, समोर सोसायटीची माणसं, आणि बाईंच्या हातात स्टीलचा पेला. विधायकजींनी एक घोट घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून लोकांनी टाळ्याच वाजवल्या. पाण्याची लाइन आणतो म्हणाले. दुसऱ्या हजेरीला लाइन आलेली नव्हती. त्यांनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटले, आणि "मॅडमजी, जेल में भी इससे अच्छा मिलता है," म्हणून सगळ्यांना हसवलं. बाई हसल्या नाहीत. जेलचं पाणी यांना कसं ठाऊक, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पण त्या मनातून खूष होत्या, हे सांगायला हवं. त्यांचे वडील मतदानाला जाताना धुतलेलं धोतर नेसत. त्या दिवशी आपण कोणापेक्षा कमी नसतो, असं सांगत. एक पुढारी आपल्यासमोर उत्तर द्यायला उभा राहतो, हे पाहायला वडील हवे होते, असं त्यांना फार वाटलं.

तिसरी हजेरी जवळ आली आणि एका सकाळी नळाला गोड पाणी आलं. खंडेरावांनी जिन्यात उभं राहून वर्दी दिली. बायकांनी पातेली भरली, कोणी पेढे वाटले. हजेरीला विधायकजींनी अख्खा पेला संपवला आणि आणखी मागितला. त्या दिवशी ठराव मोडून त्यांना हार घातला गेला. अंबादासांनी तर घरी भांडंभर पाणी ओतून घेतलं आणि लहान मुलासारखे गटागट प्यायले.

बाईंनी पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला, चव घेतली. पाणी चांगलं होतं, आणि त्यांना चैन पडेना.

"अहो, एवढ्या लवकर? आपल्याकडे फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला वर्ष लागायचं."

"चंद्रा, एखादा माणूस चांगलंही करतो ना यार," अंबादास म्हणाले. "सगळंच उलटं करून बघायचं नसतं." एवढं बोलून ते उगाचच वर्तमानपत्र झटकत बसले.

दुसऱ्या दिवशी बाई चपला घालून बाहेर पडल्या. गेटपाशी रस्ता खणून बुजवलेला होता. नव्या पाइपाची माती अजून ओली होती. ही मातीची पट्टी मोठ्या रस्त्याकडे, जिथे मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि जिथून पाण्याची मुख्य लाइन जायची, तिकडे जायला हवी होती. ती तिकडे गेलेलीच नव्हती. सरळ रस्ता ओलांडून ती समोरच्या जनता फ्लॅटच्या फाटकात शिरली होती.

जनता फ्लॅट म्हणजे एका खोलीची घरं. तिथे जुन्या लाइनीचं पाणी सकाळी तासभर यायचं, गोड, आणि सोसायटीच्या बायका त्यांचा हेवा करायच्या. तिथे सुरेखा राहत होती. लातूरकडची, एका कार्यालयात क्लार्क. पहाडगंजच्या मराठी शाळेत दोघींची मुलं एका वर्गात होती, तेव्हापासूनची ओळख.

"जय भीम, ताई. या ना, बसा," सुरेखा म्हणाली आणि तांब्यातून पेला भरून पुढे केला.

बाईंनी घोट घेतला. खारट. ओळखीचं खारट.

"आमची लाइन बंदच झाली हो. दुरुस्ती चाललीय म्हणतात. आता मागच्या हापशाचं भरतो," सुरेखा सहज सांगत होती. "तुमच्याकडे गोड येतं म्हणे. बरं झालं. भाऊंना केवढा त्रास होता."

"तुम्ही विधायकजींना विचारलं नाही?"

"ते आमच्याकडे कुठे येतात? आमच्यात हजेरी नाही ना, ताई."

बाईंनी पेला संपवला. उरवणं त्यांना शक्य नव्हतं. परत येताना त्या मातीच्या पट्टीवरून चालत आल्या. त्यांना लाज वाटत होती, आणि ती लाज विधायकजींपेक्षा स्वतःचीच जास्त होती. आपण परीक्षा ठेवली ती आपल्याच नळावर. त्या माणसाला तेवढा एक नळ गोड करायचा होता, आणि तो त्याने केला.

खंडेरावांना त्यांनी सगळं सांगितलं. ज्या माणसाने ठराव परेडवरच्यासारखा वाचला होता, त्याचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, आपल्या माणसांना पाणी मिळालंय. हातचं घालवू नका. आणि अंबादासांचा विचार करा." तो विचार तर त्या रात्रंदिवस करत होत्या. घरी मात्र त्यांनी एक शब्द काढला नाही. बोललो तर आपणच डगमगू, अशी भीती वाटत होती.

पुढची हजेरी आली. विधायकजी रुबाबात बसले, पेला घेतला, आणि गोड पाण्याच्या भरवशावर मोठा घोट भरला. भरला आणि अडकला. सगळ्यांसमोर थुंकता येईना, म्हणून कसाबसा गिळला.

"ये कहाँ का है?"

"सामने का," बाई म्हणाल्या. "पहले वहाँ मीठा आता था. वो कहाँ गया, ये आज का सवाल है."

विधायकजींनी रुमालाने तोंड पुसलं आणि हसले. कच्चा माणूस नव्हता तो. "मॅडमजी, मुझसे क्या पूछती हैं? गजभिये साहब से पूछिए. सेक्रेटरी साहब के साथ मेरे घर आए थे. हाथ जोड़कर बोले, बस हमारी सोसायटी का नल ठीक करा दीजिए."

सगळ्या माना अंबादासांकडे वळल्या. बाईंचीही. दुधात बोट घालून पाहणाऱ्या, गॅसचं सिलिंडर हलवून घेणाऱ्या या बाईंनी एकच माणूस जन्मात कधी उलटा करून पाहिला नव्हता.

अंबादास उभे राहिले. "गेलो होतो," ते म्हणाले. "आमचं पाणी मागितलं. समोरच्यांचं काढून द्या असं नव्हतो म्हणालो."

"कुठून देणार, ते विचारलंत?" बाईंनी मराठीतच विचारलं.

"नाही विचारलं, चंद्रा. पाणी आलं तेव्हाही नाही विचारलं."

"तो दोन्ही तरफ दीजिए," बाई विधायकजींकडे वळल्या.

"उतना है कहाँ? एक लाइन है, या इधर या उधर." विधायकजी आता निवांत टेकून बसले. "आप लोकतंत्र की बात करती हैं ना? तो चलो, यहीं करा लेते हैं. जिनको लगता है पानी वापस उधर जाए, वो हाथ उठाएँ."

हे बाईंना सुचलं नव्हतं. पुढारी उलटतपासणीत सापडेल, तोंडघशी पडेल, एवढंच त्यांनी योजलं होतं. तो खुर्चीत राहील आणि उत्तर आपल्याला द्यावं लागेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी अंबादासांकडे पाहिलं. गोड पाणी सुरू झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला होता. बाईंना रडू येईल असं वाटलं. मग त्यांनी हात वर केला.

ज्यांनी हजेरीच्या ठरावाला हात वर केले होते ती सगळी माणसं आपापल्या चपलांकडे पाहत होती. खंडेरावांचा हात गुडघ्यावरून निघाला, खांद्यापर्यंत आला, आणि कान खाजवून परत गेला. अगदी शेवटी एक हात वर आला. तो अंबादासांचा होता.

"बिल्कुल साफ है," विधायकजी म्हणाले, आणि गाडीकडे निघाले. जाताना त्यांनी खंडेरावांशी हात मिळवला. त्या संध्याकाळी अंबादासांनी कॅनवाल्याला फोन करून कॅन मागवला आणि नळाखाली पेला धरणं बंद केलं.

पुढच्या हजेरीची खुर्ची बाईंनी स्वतः उचलून रस्त्यापलीकडे नेली. जनता फ्लॅटच्या फाटकात सतरंजी अंथरली होती, माणसं सोसायटीपेक्षा कितीतरी जास्त जमली होती. हजेरीचा निरोप तिथून गेला होता, सगळ्यांच्या नावाने. विधायकजींची वाट पाहण्यात बराच वेळ गेला. येतील असं कोणी म्हणत नव्हतं, पण उठतही नव्हतं.

शेवटी सुरेखा पुढे आली. तिच्या हातात पेला होता. तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग तो बाईंपुढे धरला. तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकांच्या डोळ्यांत बाईंना स्वतःचीच नजर दिसली, शिवण शोधणारी.

"ताई, एक विचारायचं होतं," सुरेखा म्हणाली. आज तिच्या बोलण्यात नेहमीचा सहजपणा नव्हता. "तुमच्या नळाला आज सकाळी कुठलं पाणी आलं?"

बाई त्या खुर्चीत बसल्या, कारण हजेरी उभ्याने देत नसत.

"तुमचं," त्या म्हणाल्या, आणि पेला हातात घेतला.