पस्तिसाचे छत्तीस

ताओ वेनचीला वर्गाची मनःस्वास्थ्य प्रतिनिधी केलं, ते दुसऱ्या कुणाला ते पद नको होतं म्हणून. वर्गप्रमुख, अभ्यासप्रमुख, खेळप्रमुख ही पदं धडाधड वाटली गेली. मग वर्गाच्या मनाची खबर कोण ठेवणार, असं विचारलं तेव्हा सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायची आठवण झाली. शेवटी वर्गप्रमुख म्हणाला, "ही वेनची सारखी खिदळत असते, हिलाच द्या!" त्या पदाचे शिष्यवृत्तीला दोन गुण जास्त मिळतात हे कळल्यावर वेनचीनेही फार आढेवेढे घेतले नाहीत.

तशी पोरगी वाईट नव्हती हो. थ्येनश्वेई गावी बसथांब्यापाशी आईची वाफवलेल्या पावांची गाडी, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची सवय लहानपणापासूनची. कॉलेजने या प्रतिनिधींना दोन दिवस शिकवलं होतं: समोर बसा, विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. पहिला महिना तिने ते इमानेइतबारे केलं. सूर्यफुलाच्या बियांची पुडी घेऊन ती एकेकाला गाठायची. पण पोरं कसली द्वाड! "आली बघा मनाची डॉक्टरीण, नाडी दाखवा रे!" एकाने तर तपासायला म्हणून जीभच बाहेर काढली. वेनचीचं तोंड एवढंसं झालं, आणि तिने बियांची पुडी एकटीनेच संपवली.

मग तिने सोपी वाट धरली. दर मंगळवारी चारच्या आत, मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या लुओ बाईंकडे वर्गाचा अहवाल द्यायचा असे. ती दुपारी मोबाइलवर वर्गाच्या गटात लिहायची, "ठीक असाल तर एक टाका." आमच्याकडे सूचना वाचली म्हणून एकाचा आकडा टाकतात, सहलीला येतो म्हणून एक टाकतात, तसंच हेही. छत्तीस जण, छत्तीस एक, अहवालात 'सर्व ठीक'. लुओ बाई खूश. दुसऱ्या वर्गांच्या प्रतिनिधींना सांगायच्या, "वेनचीकडून शिका जरा, एकदा उशीर नाही!"

सगळ्यांत आधी एक यायचा तो पेंग सूयिंगचा. सफरचंदांच्या गावाकडची, पहिल्या बाकावर बसणारी अबोल मुलगी. वसतिगृहात वेनचीच्या वरच्याच मजल्यावर राहायची.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी पावणेचार वाजले तरी पस्तीसच भरले. वेनचीने नावांवरून बोट फिरवलं. सूयिंगचा नव्हता. जिना चढून वर गेली असती तर एक मिनिट लागलं असतं. पण मैत्रिणी फाटकाशी खोळंबल्या होत्या, उकळत्या रश्शाच्या हॉटेलात जागा धरायची होती. आणि नाव लिहून दिलं की वेगळा फॉर्म, बाईंचं बोलावणं, शंभर प्रश्न! 'फोन बंद पडला असेल तिचा,' असं स्वतःला समजावून तिने छत्तीस लिहिले, सर्व ठीक, आणि पोटभर जेवून आली.

बुधवारी सकाळी सूयिंग फोन गादीवर ठेवून निघून गेली. शुक्रवारी बाओजीच्या रेल्वे स्टेशनवर एका बाकावर सापडली, दोन दिवसांची उपाशी. जिवावरचं टळलं. पण डॉक्टर म्हणाले, वर्षभर शिक्षण थांबवा. ते दोन दिवस वेनची अन्नाला शिवली नव्हती. तरी कुणाला एक अक्षर बोलली नाही. बोलायची छातीच झाली नाही.

सोमवारी दुपारी सूयिंगचे वडील सामान न्यायला आले. लुओ बाईंनी वेनचीला पुढे केलं. "ही आमची प्रतिनिधी. दर आठवड्याला विचारपूस करते, सूयिंग गेली त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा केली होती. वरून कळत नाही हो माणसाचं."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी सुक्या सफरचंदांची पिशवी तिच्यापुढे धरली आणि वाकला. "पोरी, परक्या गावात माझ्या लेकीला विचारणारं कुणीतरी होतं. तुझे उपकार."

वेनचीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पिशवी घेतली, मान खाली घातली. सामान पोचवायला म्हणून ती त्याच्याबरोबर फाटकाकडे निघाली. वाटेत तिला पाऊल टाकवेना.

"काका, थांबा. मी काही विचारलं नव्हतं."

"अगं, बाई तर म्हणाल्या..."

"बाईंना माहीत नाही. मी नुसतं एक टाका म्हणायचे. त्या दिवशी तिचा आला नाही. मला दिसलं होतं, काका. दिसलं, आणि तरी मी तिला धरूनच आकडा लिहिला. मला जेवायला जायचं होतं."

म्हाताऱ्याने गादीची वळकटी खाली ठेवली. आता कानाखाली बसणार म्हणून वेनचीने डोळे मिटले. बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

"दिसलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"दवाखान्यात पडल्या पडल्या ती एवढंच बोलते. म्हणते, मी मुद्दामच पाठवलं नाही बाबा. म्हटलं बघू, कुणाच्या लक्षात येतं का. कुणाच्याच नाही आलं." त्याने वळकटीची गाठ पुन्हा आवळली. "आता मी तिला काय सांगू? आलं होतं लक्षात, असं सांगू?"

तो तसाच उभा राहिला, खरोखरच उत्तराची वाट बघत.