मोहाखालची जागा

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या पाहणीचं काम मिळालं म्हणून अहेरीकडच्या एका गोंड वस्तीत येऊन राहिलो. माहिती लिहून झाली की माझ्याशी बोलायला कोणी नसे.

रोज सकाळी मात्र एक बाई दिसायची. मोहफुलं वेचण्याआधी बाकीचे लोक झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करत. ती एका मोहाखाली वाकून हातानंच पाला सारायची, निजलेल्या बाळावरची माशी उडवावी इतक्या हळू.

माझ्या कागदावर तिची तीन मुलं होती, तिन्ही जिवंत. एकदा मी विचारलं, "बाई, आग काऊन नाई लावत?"

"भाजन ना त्याले! खाली माहं लहानगं आहे. माहं दूध सुटलं त्याचं, आता हा मोह त्याले पाजते."

अंगावरचं मूल गेलं की तिथले लोक त्याला मोहाच्या मुळाशी पुरतात, हे मला तेव्हा कळलं. मी कागद काढला.

"लिवता तं दूध पेणाऱ्यात लिवजा, भाऊ. मेलेल्यात नोको."

तसा रकाना होता. पण मृत्यूंचा आकडाच चुकला तर पुढची बाळं वाचणार कशी? मी 'मृत' खाली एक लिहिलं.

"लिवलं?"

"लिवलं, बाई."

ती हसली आणि पुन्हा पाला सारू लागली. तिला वाचता येत नव्हतं, तरी मी कागद पालथा धरला होता.