काकांचा अभिप्राय

आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. ते कधी आवाज चढवत नाहीत, तरी मला त्यांची धास्ती वाटते. लिहिलेला शब्द ते आदेशासारखा पाळतात. लिफ्टमध्ये ‘दाराला टेकू नये’ अशी पाटी आहे, म्हणून एकटे असले तरी मधोमध ताठ उभे राहतात.

नवशिक्यांनी लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स कसं टाकावं, हे मी मराठीत लिहिलं आणि आईच्या आग्रहामुळे त्याची प्रिंट काकांना वाचायला दिली.

"नुसतं वाचून काय सांगू? करून बघतो. बस इथे."

त्यांनी आपला लॅपटॉप उघडला. एकेक ओळ ते मोठ्यानं वाचायचे, तसं करायचे आणि म्हणायचे, "झालं. चलो, पुढे."

मग त्यांनी वाचलं, "आता ‘डिस्क पुसा’ निवडून ‘इन्स्टॉल’ दाबा."

त्याच्या खालच्या ओळीत मी लिहिलं होतं, की हे करण्याआधी आपल्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. तिथवर ते पोचलेच नव्हते. त्या लॅपटॉपवर त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो होते. मी त्यांचं मनगटच धरलं.

"काका, नको! सगळं जाईल."

त्यांनी हात मागे घेतला आणि खालची ओळ वाचली.

"अच्छा. हे आधी लिहायचं, बेटा," ते शांतपणे म्हणाले. "अजून कुणाला दिलायस हा कागद?"

सकाळीच मी तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला होता. तिथे मी कुणाच्याच शेजारी बसलेली नव्हते.