नंबर नसलेला फाया

हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकून वर्गात 'रक्त' करून दाखवणारी आणि पोरांची बुवाबाजीवरची श्रद्धा उडवणारी बाई ती मीच. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. भूत-प्रेत, अंगात येणं, कोणीतरी मागे उभं असल्याचा भास... अशा गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटतेय, आणि शाळेतल्या कोणी वाचलं तर स्टाफरूममध्ये वर्षभराची करमणूक होईल हेही माहीत आहे. तरी लिहितेय, कारण दिवाळीपासून मन एका जागी ठरत नाही.

आम्ही बुऱ्हाणपूरला राहतो, राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि तापीच्या बाजूला उघडणारी एक खिडकी. ही खिडकी माझ्या संसारात फार महत्त्वाची आहे, कारण आमच्या ह्यांना दमा आहे. तो मला कळला भर मांडवात. माझ्या मामांनी हौसेनं नवरदेवाच्या मनगटाला अत्तर चोळलं, वर गुलाबपाण्याचे दोन फवारे उडवले, आणि मंगलाष्टकं संपायच्या आत ह्यांचा श्वास अडकला. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा समोर खुर्चीत बसून पंप ओढणारा एक घामाघूम माणूस होता. हार त्यांच्या गळ्यात घालायचा की नाही, हेच मला कळेना.

त्या दिवसापासून एकवीस वर्षं आमच्या घरात कसला म्हणून वास नाही. देवापुढे उदबत्ती नाही, नुसतं निरांजन. गजरा नाही, पावडर नाही, साबण तो बिनवासाचा. लग्नात मिळालेल्या सेंटच्या तीन बाटल्या आठवड्याच्या आत धाकट्या बहिणीकडे गेल्या. मी तक्रार केली नाही. नवऱ्याचा श्वास मोठा की माझा मोगरा, यात विचार काय करायचा? पण खोटं कशाला बोलू, खुपायचं. शाळेत एखाद्या नव्या मॅडम छान काहीतरी लावून आल्या की मी मुद्दाम दोनदा त्यांच्या बाजूने जायची.

मागच्या वर्षी ह्यांची बदली खंडव्याला झाली. सोमवारी सकाळी जातात, शनिवारी संध्याकाळी येतात. मुलगी कोमल त्याच्या आधीच इंदूरला होस्टेलवर गेली होती. म्हणजे पाच दिवस घर माझं एकटीचं. त्यात एक दिवस स्टाफरूममध्ये एका मॅडमनी सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला कोणती खुशबू आवडते?" मला उत्तर देता येईना. चव्वेचाळीस वर्षांची बाई, मुलीच्या, नवऱ्याच्या, झाडूवालीच्यासुद्धा आवडी तोंडपाठ, आणि स्वतःची म्हणून एक सांगता येत नाही! तो प्रश्न दिवसभर दातात अडकल्यासारखा सलत राहिला. सोमवारी शाळा सुटल्यावर मी सरळ अत्तराच्या दुकानात गेले.

दुकान जुनं, दुकानदार त्याहून जुने. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी म्हटलं, मला काय आवडतं ते शोधायचंय, घरासाठी आणि अंगाला लावायला. ते हसले नाहीत. त्यांचे नियम होते. एका वेळी तीनच फाये, म्हणजे अत्तरात बुडवलेले कापसाचे बोळे. तिन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पुडीत, वर फक्त नंबर. नाव सांगणार नाहीत.

"नाम सुनकर नाक बेईमान हो जाती है, बेटी," ते म्हणाले. "गुलाब बोलूँगा तो तुम गुलाब ही ढूँढोगी. घर ले जाओ. कलाई पे लगाओ, परदे पे लगाओ, एक दिन उसके साथ रहो."

आणि दोन वासांच्या मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा, असंही त्यांनी सांगितलं. स्वतःच्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, त्यामुळे नाक पुन्हा कोरं होतं. तराजू आधी शून्यावर आणतात, तसं. हे मला फारच पटलं. मी तिथेच बाही हुंगून पाहिली. काहीही नाही.

मग मी वही केली. (सवय!) नंबर एक, सोमवार संध्याकाळ: गुलाब असावा, तासाभरात डोकं चढलं. नंबर दोन, मंगळवार: खस. बरा, पण अंगाला लावल्यावर आपणच कूलर झाल्यासारखं वाटतं. नंबर तीन, बुधवार: केवडा. पुडी उघडली आणि डोळ्यांपुढे मांडव, खुर्ची, पंप... पाच मिनिटांत खिडकी उघडली.

गुरुवारी शाळेतून आले आणि पेन शोधायला पर्समध्ये हात घातला, तर चौथी पुडी हाताला लागली. तशीच प्लॅस्टिकची, तसाच फाया, पण वर नंबर नाही. वाटलं, चाचांनी चुकून जास्तीची टाकली. उघडली.

कसं सांगू... नुकत्याच वेचलेल्या कापसाच्या ढिगात हात घातल्यावर येतो तसला उबदार वास. त्यात भाजलेल्या मेथीचा किंचित कडूपणा. आणि मागून केळीचं खोड कापल्यावर येतो तो ओला गारवा. अत्तरासारखा नाहीच. मी जिथे होते तिथे खाली बसले आणि मला रडू आलं. वहीत नंबर लिहायला नव्हता, म्हणून नुसतं लिहिलं, 'हा माझा.' फाया मनगटाला घासला, पडद्याला घासला. तेलाचा डाग कुठेच पडला नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी विज्ञानाची शिक्षिका!

बेत असा होता की शुक्रवारी रात्रीच पडदे धुवायचे आणि शनिवारी दिवसभर खिडकी उघडी ठेवायची. पडदे राहून गेले. खरं म्हणजे मी राहू दिले, अजून एक दिवस म्हणून. आणि शनिवारी हे दुपारीच दारात. लवकरची गाडी मिळाली होती. पंप कुठे आहे ते आठवत मी कपाटाकडे धावले. मागे वळून बघते तर हे उंबऱ्यावरच उभे, खांद्यावर बॅग तशीच. डोळे मिटून त्यांनी असा लांब श्वास घेतला, जसा मी त्यांना एकवीस वर्षांत घेताना पाहिला नव्हता. छातीत घरघर नाही, काही नाही.

"आई आली होती काय?" त्यांनी विचारलं.

माझी आई तुकईथडला असते, गुडघ्यांमुळे जिने चढत नाही. मी म्हटलं, "नाही हो. ती कशाला येईल?"

"तुझी नाही. माझी."

माझ्या सासूबाई आमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी गेल्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. आपण काय बोललो ते ह्यांना उशिरा उमगलं. चेहरा उतरला, बॅग ठेवून मोरीत गेले, बराच वेळ तोंड धूत राहिले. मी सगळं सांगून टाकलं. पुडी दाखवली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि एवढंच म्हणाले, "हाच. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की येऊन राहायचा." त्या दिवशी ते पुडी उशाशी घेऊन झोपले. पंप कपाटातच राहिला.

तुम्ही म्हणाल, आईच्या आठवणीनं भास झाला असेल. मीही तेच म्हटलं. पण रविवारी सकाळी दापोऱ्याहून मोठ्या जाऊबाई केळी घेऊन आल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पिशवी खाली ठेवता ठेवता थबकल्या, पडद्याजवळ गेल्या.

"हे काय वो? आत्याबाईच्या लुगड्यासारखा वास येऊन राहिला तुमच्या घरात."

मी विचारलं, सासूबाई काय लावायच्या?

"काय लावतीन? कायीच नाय. वावरातून यायच्या, आंघोळ करायच्या, बस. त्यांच्या अंगालेच होता तो. दोन वर्षं त्यांच्यासंगं चुलीपाशी बसली मी, मले नाय कळणार?"

जाऊबाई गेल्यावर मी घरभर फिरत राहिले. कपाट उपसलं, सासूबाईंची एखादी वस्तू कुठे दडली असेल तर... काही निघालं नाही. त्यांचं सगळं दापोऱ्यालाच वाटून टाकलं होतं. पडदे धुतले, ते वाळले तरी वास तसाच. आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता, हे कबूल करते. जन्मात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून सापडलं, तर त्यावरही सासरचं नाव! मला आवडला म्हणजे नक्की कोणाला आवडला? न बघितलेल्या बाईची आवड माझ्या नाकात कोणी ठेवली? वहीतलं 'हा माझा' मी पेनने खोडलं. मग पुन्हा लिहिलं. मग ते पानच फाडलं.

सोमवारी हे खंडव्याला गेले आणि मी पुडी घेऊन चाचांकडे. त्यांनी फाया चिमटीत धरला, हुंगला, उजेडात धरून फिरवला. स्वतःची बाही हुंगून पुन्हा हुंगला.

"बेटी, ये तो कोरी रुई है. इसमें कुछ भी नहीं."

मी म्हटलं, नुसता कापूस कसा? मला वास येतोय, ह्यांना आला, जाऊबाईंना आला. ते शांतपणे म्हणाले, "खुशबू आती होगी. मगर मैंने तीन दिए थे. चौथा मैं किसी को देता ही नहीं." मी नाक पुढे केलं. मला तर तिथे, त्या शंभर अत्तरांच्या गर्दीतही तोच वास येत होता. चाचांनी पुडी बंद करून माझ्या हातात दिली.

आठवडाभर मी ती पुडी कधी देवघरात, कधी पिठाच्या डब्यामागे ठेवत होते. फेकायला दोनदा खिडकीशी गेले. शनिवारी हे आले, ते सर्दीनं बेजार होऊन. खंडव्याच्या खोलीत ओल आहे, तिथे तीन वेळा पंप घ्यावा लागला म्हणाले. मागितलं काहीच नाही. मागितलं असतं तर मी कदाचित भांडले असते. सोमवारी त्यांच्या बॅगेत टॉवेलच्या घडीत मीच पुडी ठेवली. घर पुन्हा बिनवासाचं झालं. मला इतकं रितं वाटलं की शाळेत एका पोराला विनाकारण रागावले.

दिवाळीला कोमल आली. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. लेकीला काय सांगणार, आजी पुडीत आली म्हणून? मी करंज्या तळत होते, हे खुर्चीवर पेपर वाचत होते. कोमल ह्यांच्या बॅगेत चार्जर शोधत होती. एकदम हसत सुटली आणि पुडी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"पप्पा, हे काय? मम्मीची खुशबू पॅक करून खंडव्याला नेता तुम्ही? सो क्यूट!"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "कोणाची?"

"मम्मीची. और किसकी?" तिला आमचे चेहरे बघून काही समजेना. "सच्ची, मम्मी असंच महकते ना. लहानपणापासून. मम्मी, तुझी ती निळी ओढणी हरवली म्हणून तू धोबिणीशी भांडलीस ना... ती मीच नेली होती होस्टेलवर. नींदच येत नव्हती. आता तिचा वास गेला, दुसरी दे."

झारा हातातच राहिला, दोन करंज्या काळ्या झाल्या. मी ह्यांना विचारलं, "इतकी वर्षं तुम्हाला कधी आला नाही?" ते म्हणाले, "लग्नाच्या पहिल्या वर्षी यायचा. मला वाटायचं, घराचा आहे."

सासूबाईंचं आणि माझं रक्ताचं नातं नाही, गाव एक नाही, पाणी एक नाही. चाचांना जो येत नाही तो आम्हा चौघांना कसा येतो, पुडी माझ्या पर्समध्ये कोणी ठेवली, आणि जो वास माझ्याच अंगाचा, तो मला या कापसातून कसा आला... मी विज्ञानाची सगळी पुस्तकं आठवून पाहिली.

पुडी अजून खंडव्याला जाते-येते. कोमल हिरवी ओढणी घेऊन गेली. शनिवारी हे आले की मी आधी बॅग उघडते, पुडी काढते, हुंगते, आणि मग स्वतःची बाही हुंगून बघते. बाहीला आजही कसलाच वास येत नाही.